शनिवारचा वर्ग: मेकॅनिकल डिप्लोमा, तिसरं वर्ष

शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

काम ठरलं. ज्या पॉलिटेक्निकमध्ये मी शिकले, तिथल्या मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षासाठी मार्चपर्यंत शनिवारी दुपारी वर्ग घ्यायचा. विषय एकच, पहिली नोकरी. विभागप्रमुख सरांनी मेट्रॉलॉजीची (मोजमापाची) लॅब मोकळी ठेवायचं कबूल केलंय. मी कोल्हापूरजवळ शिरोलीत मशीन शॉपची क्वालिटी बघते आणि ट्रेनी घ्यायच्या वेळी मुलाखतीलाही बसते, त्यामुळे मुलं कुठे अडकतात ते समोरून पाहिलेलं आहे. या नोंदी पुढच्या वर्षी जो कुणी हा वर्ग घेईल त्याच्यासाठी.

आज सगळ्यांचे बायोडेटा गोळा केले आणि घरी येऊन एका बैठकीत वाचून काढले. नावं झाकली तर कुठला कुणाचा ते सांगता येणार नाही. हार्डवर्किंग, क्विक लर्नर, टीम प्लेअर, नामांकित कंपनीत आव्हानात्मक पदाच्या शोधात. चॅटजीपीटीनं सगळ्यांना एकाच वळणाचं इंग्रजी लिहून दिलंय. खाली टक्के, छंद, आणि वरील माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र. के स्कीममधली (डिप्लोमाच्या सध्याच्या अभ्यासक्रमातली) १२ आठवड्यांची इंटर्नशिप प्रत्येकानं केली आहे, पण तिच्या वाट्याला आलीय एक ओळ: कंपनीचं नाव आणि 'ट्रेनिंग पूर्ण'.

मला सगळ्यात लागलं ते हे. पोरं तीन महिने फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात), मशीन शॉपमध्ये उभी राहिली, धूळ खाल्ली, शिफ्ट केल्या, आणि कागदावर त्यातलं काही म्हणजे काहीच उतरलं नाही. मुलाखत घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. वर्गाची दिशा इथूनच ठरवते: नवीन काही शिकवण्याआधी, जे केलंय ते बाहेर काढायचं.

कालच, २१ नोव्हेंबरला, केंद्रानं जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही कामगार संहिता लागू केल्या. कामावर घेताना नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ठेकेदाराकडं लागलं तरी, मॅडम?" तरीही. ठेकेदाराकडून मागून घ्यायचं आणि जपून ठेवायचं.

शनिवार, २० डिसेंबर २०२५

हिवाळी परीक्षा झाल्या. आज एकेकाला समोर बसवून एकच विचारलं: इंटर्नशिपला दिवसभर काय करत होतास?

जवळजवळ सगळ्यांचं पहिलं उत्तर 'काही नाही, मॅडम' हेच. गडहिंग्लजकडच्या एका मुलाशी झालेलं बोलणं सविस्तर लिहून ठेवते, कारण बाकीच्यांशीही याच पद्धतीनं बोलायचं आहे.

तो म्हणाला, नुसतं सॉर्टिंग. कशाचं? ब्रेक ड्रमच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं. म्हणजे नक्की काय करायचास? फेटलिंगहून (कास्टिंगच्या साफसफाईहून) आलेला माल बघायचा, खराब असेल त्यावर खडूनं खूण करून बाजूला काढायचा. खराब म्हणजे कसा? इथे तो जरा सावरून बसला. ब्लो होल (वायूनं पडलेली पोकळी), सँड इन्क्लुजन (अडकलेली वाळू), कधी कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची फट). जास्त काय यायचं? ब्लो होल. रोज सारखंच? "नाही मॅडम, सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला जास्त." हे तुला कसं माहीत? सुपरवायझरनं रोजचे आकडे लिहायला सांगितलं होतं, तो खिशातल्या डायरीत लिहायचा. डायरी कुठे आहे? घरी, कपाटात.

म्हणजे पहिली नोकरी शोधणाऱ्या या मुलाकडे आठ आठवड्यांची दोषनिहाय नोंद पडून होती आणि बायोडेटात त्यानं छंद म्हणून पोहणं लिहिलं होतं. पुढे विचारलं तर आणखी निघालं. त्यानं ते सुपरवायझरला बोलून दाखवलं होतं, आणि त्यानंतर सुट्टीनंतरच्या शिफ्टला पहिला मोल्ड भरायच्या आधी सँडची ओल तपासायला लागले. ब्लो होल कमी झाले का? "झाले. पण बंद नाही झाले." हे उत्तर मला फार आवडलं. मुलाखतीतही असंच सांग म्हटलं.

डायरीवरून पॅरेटो चार्ट (कुठला दोष सर्वांत जास्त, ते उतरत्या क्रमानं दाखवणारा तक्ता) काढून आणायला सांगितलाय.

सगळ्यांना एक ताकीद दिली. कंपनीच्या ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगचा फोटो यातलं काहीही बायोडेटात किंवा मोबाइलवर दाखवायचं नाही. 'ट्रकचा ब्रेक ड्रम' एवढं पुरे. जो आधीच्या कंपनीची माहिती उघड करतो त्याला आम्ही घेत नाही.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

आज बाजार मांडला. मुलांच्या तोंडी चाकणच. फळ्यावर मी सुरुवात घरापासून केली: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत. ट्रक, ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह यांची कास्टिंग इथे ओतली जातात, इथेच मशीनिंग होऊन पुण्याला आणि परदेशी जातात. मग चाकणचे बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना, जो आता ह्युंदाईकडे आहे. ही नावं पोरांना पाठ आहेत. यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांपैकी पाच नावं सांगा म्हटलं तर वर्ग गप्प. डिप्लोमावाल्याला पहिलं काम मिळण्याची शक्यता मात्र तिथेच जास्त, म्हणून घरचा अभ्यास दिला: प्रत्येकानं असे दहा पुरवठादार शोधायचे, ते काय बनवतात ते लिहायचं.

शिरायच्या वाटा तीन. कंपनीच्या रोलवर ट्रेनी, अप्रेंटिस, आणि ठेकेदारामार्फत. पहिली सगळ्यांना हवी असते आणि तिथल्या जागा थोड्या. तिसरी सर्वांत लवकर मिळते. मधल्या वाटेबद्दल मुलांना जवळपास काहीच ठाऊक नाही, म्हणून तिथे वेळ घेतला. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. डिप्लोमाधारकाचं ट्रेनिंग वर्षभराचं, नोंदणी नॅट्सच्या, म्हणजे केंद्राच्या अप्रेंटिस योजनेच्या, पोर्टलवर. दरमहा किमान ८,००० रुपये, त्यातला निम्मा वाटा सरकारचा. हे आकडे २०१९ चे आहेत. गेल्या मे महिन्यात केंद्रीय अप्रेंटिस परिषदेनं ३६ टक्के वाढीची शिफारस केली आहे. वर्ष संपल्यावर कंपनीनं घेतलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी, २०२४ ची. दोन्हींची गल्लत करू नये.

दोघांनी जावाचा क्लास लावलाय, मेकॅनिकलला आता काही राहिलं नाही असं कुणीतरी डोक्यात भरवलं म्हणून. गेल्या जुलैत टीसीएसनं सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं होतं, म्हणजे तिकडेही नवख्याला सोपं नाही. कोड लिहायला मनापासून आवडत असेल तर जा. भीतीपोटी तीन वर्षांचं शिक्षण सोडून जाऊ नका, एवढं कळकळीनं सांगितलं.

शनिवार, १७ जानेवारी २०२६

आजचा दिवस सर्वांत चांगला गेला.

ज्यांच्या इंटर्नशिपमधून सांगण्यासारखं फारसं निघालं नाही, त्यांच्यासाठी लॅबमध्येच एक काम लावलं: गेज आर अँड आर, म्हणजे साधनामुळे आणि मोजणाऱ्यामुळे मापात किती फरक पडतो ते तपासणं. एकाच मशीनवरच्या १० पिन, मोजणारे तिघे, प्रत्येकानं प्रत्येक पिन तीनदा मोजायची. ९० रीडिंग. नंबर मोजणाऱ्याला दिसणार नाहीत असे टाकले आणि दर फेरीला पिनांचा क्रम बदलला, नाहीतर आधीचं रीडिंग डोक्यात राहतं आणि हात तेच शोधतो. मायक्रोमीटर कॉलेजचाच, ०.०१ मिलिमीटर लीस्ट काउंटचा.

एक्सेलमध्ये आकडे भरल्यावर मोजणीतल्या फरकाचं प्रमाण आलं ३८ टक्के. ढोबळ नियम असा की १० टक्क्यांच्या आत असेल तर मोजणी भरवशाची, १० ते ३० मध्ये काम कोणतं यावर ठरवायचं, ३० च्या वर असेल तर आधी मोजणी सुधारा, मग मालाला नावं ठेवा. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी काही बोलले नाही. मग कागलच्या मुलीनं तिघांचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि तिच्या लक्षात आलं की एकाची रीडिंग जवळपास प्रत्येक पिनेला बाकी दोघांपेक्षा कमी आहेत. त्याला पुन्हा मोजायला लावलं. तो रॅचेट (दाब ठरावीक ठेवणारी टोकाची मूठ) न फिरवता थिंबलच (फिरवायची नळी) बोटांनी आवळत होता. दाब जास्त, म्हणून माप कमी.

पुन्हा सगळं केलं. आधी झिरो तपासला, अँव्हिल आणि स्पिंडलची तोंडं कापडानं पुसली, रॅचेटचे तीन टिकटिक झाल्यावरच वाचायचं ठरलं. यावेळी १७ टक्के.

वाहन उद्योगाला माल देणाऱ्या, आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) असलेल्या प्रत्येक कारखान्यात हे करावं लागतं. फ्रेशर मुलं मात्र त्याची व्याख्या सांगतात. स्वतः रीडिंग घेतलेला क्वचितच भेटतो. ३८ वरून १७ वर कसे आलो, हे जो स्वतःच्या शब्दांत सांगेल त्याला मी पुढचे तीन प्रश्न आनंदानं विचारीन. अशा कामाला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेटही लागत नाही. बाहेर क्लासवाले सॉफ्टवेअरच्या कोर्सला हजारो रुपये घेतात आणि पोरं कर्ज काढून भरतात. कोर्स करू नका असं नाही, पण आधी लॅबमधल्या कपाटांची कुलपं उघडा.

ज्याचा हात चुकत होता, त्यानंच आज सर्वांत जास्त शिकून घेतलं. हेच काम त्यानं स्वतःच्या नावावर लिहावं असं सुचवलंय.

शनिवार, ३१ जानेवारी २०२६

सराव मुलाखती. टेबलावर एक रिजेक्ट झालेलं कास्टिंग ठेवलं, व्हॉल्व्ह बॉडीचं. प्रत्येकाला पहिला प्रश्न: यात काय बिघडलंय?

बरेचजण कास्टिंगला हातही न लावता बोलायला लागले, "वितळलेला धातू साच्यात ओतून..." पुस्तकातलं वाक्य सुरू झालं की मी थांबवत होते आणि वस्तू उचलून हातात देत होते.

राधानगरीकडची मुलगी आली. तिनं कास्टिंग उचललं, खिडकीकडे वळवलं, खळग्यात नखानं आतून चाचपलं. मग म्हणाली, "आतून गुळगुळीत लागतंय मॅडम, वायूनं झालेलं असणार. श्रिंकेज (धातू आकसून झालेली पोकळी) असतं तर खरखरीत लागलं असतं, आणि जाड भागाजवळ असतं." मी विचारलं, मग कारण काय? तिनं उलट मलाच विचारलं, "हे ओतताना वरची बाजू कुठली होती?" माझ्याबरोबर बसलेल्या आमच्या फाउंड्री मॅनेजरनी पेन खाली ठेवलं. ते तिच्याशी पुढची दहा मिनिटं कोअरच्या व्हेंटबद्दल (साच्याच्या गाभ्यातून वायू बाहेर जायच्या वाटेबद्दल) बोलत बसले, बाहेर रांग होती तरी.

नंतर तिला सांगितलं की ते मुलाखत घ्यायची विसरले आणि कामाचं बोलायला लागले, असं झालं की समजायचं. ती लाजली. टक्के तिचे मधलेच आहेत. एक विषय मागे राहिला होता, तो सुटलाय.

इंग्रजीचा प्रश्न आज सगळ्यांनी काढला. मराठीत बोललं तर चालतं का? कोल्हापुरात, आणि चाकणच्या पुरवठादारांकडेही, शॉपवरचा साहेब मराठीत किंवा हिंदीत बोलतो. ड्रॉइंगवरच्या सूचना, मेल, ग्राहकाला द्यायचा ८डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय सांगणारा) इंग्रजीत. तेव्हा वाचता आणि लिहिता आलंच पाहिजे, बोलणं कामावर सुधारतं. पण इंग्रजी अडलं की मुलं येत असलेला विषयही सोडून देतात, मान खाली घालतात, ते मला बघवत नाही. उपाय म्हणून ठरवलं: केलेल्या कामाबद्दल पाच वाक्यं इंग्रजीत, स्वतः रचलेली, साधी. ती पक्की झाली की पुढचं मराठीत बोलायची परवानगी मागायची. मागितलेली परवानगी कुणी नाकारत नाही, निदान आमच्याकडे तरी.

शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६

अर्ज.

एका मुलानं महिनाभर रोज रात्री पोर्टलवर अर्ज टाकले, एकाही ठिकाणाहून उत्तर नाही. तो खचलाय. त्याला समजावलं की यात त्याची लायकी कुणी तपासलेलीच नाही. एका बटणावर अर्ज जातो तिथे हजारांनी येतात, आणि एचआरवाला पासिंग वर्ष, टक्के, ठिकाण असे फिल्टर लावून पहिले काही उघडतो. मोठ्या कंपन्यांत हे काम सॉफ्टवेअर करतं. म्हणून बायोडेटा एका पानाचा, सरळ एका रकान्यात, चौकटी-चित्रं नकोत, आणि जाहिरातीत मागितलेलं जे खरोखर येतं त्याचा उल्लेख त्याच शब्दात. फाइलला स्वतःचं नाव आणि शाखा. एवढं करून पोर्टल बाजूला ठेवायचं.

खरा जोर जानेवारीत काढलेल्या दहा-दहा पुरवठादारांवर. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा लिंक्डइनवर क्वालिटी नाहीतर प्रॉडक्शनचा प्रमुख सापडतो. त्याला चार ओळींचा मेल. गडहिंग्लजच्या मुलाचा मेल आम्ही मागच्या वर्गातच लिहिला होता:

'मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये ब्रेक ड्रम कास्टिंगची ८ आठवडे दोषनिहाय नोंद ठेवली. ब्लो होल सुट्टीनंतरच्या शिफ्टला वाढतात असं दिसलं. सोबत एका पानाचा तक्ता जोडला आहे. आपल्याकडे क्वालिटीमध्ये अप्रेंटिस किंवा ट्रेनीची जागा असेल तर भेटायला येऊ शकतो.'

इंग्रजीत केलं, त्यानं पाठवलं. चारच दिवसांत एका ठिकाणाहून बोलावणं आलं. बाकीच्यांचंही असंच होईल असं मी सांगितलेलं नाही, पण वर्गातली हवा बदलली. आता सगळ्यांना स्वतःचा तक्ता हवाय. ज्यांच्याकडे डायरी नाही ते लॅबला पुन्हा यायला तयार आहेत.

दोन वर्षांपूर्वी पास झालेल्यांची यादी विभागातून मिळवली. कुणी कुठे लागलंय हे आजवर कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. दोन मुलींनी सगळ्यांना फोन करायचं अंगावर घेतलं. जागा निघाली की ती आधी शॉपवरच्या माणसाला कळते, जाहिरात नंतर येते.

तातडीचं: एकीला व्हॉट्सॲपवर एका बड्या कंपनीच्या लोगोसकट 'सिलेक्शन लेटर' आलं. गणवेश आणि लॅपटॉपसाठी परत मिळणारं डिपॉझिट भरा म्हणून. मुलाखत झालेलीच नाही. वडील पैसे भरायच्या बेतात होते. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

शनिवार, १४ मार्च २०२६

पाडव्याआधीचा शेवटचा वर्ग. आज राधानगरीची मुलगी वडिलांना घेऊन आली. तिच्यापुढे दोन गोष्टी आहेत. चाकणला ठेकेदारामार्फत लाइनवर, हातात सोळा हजारांच्या आसपास. आणि आमच्या फाउंड्री मॅनेजरनी नाव सुचवलेल्या, कागल वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या क्वालिटीत वर्षाची अप्रेंटिसशिप.

वडील शेती करतात. त्यांचा प्रश्न रोखठोक होता, "मॅडम, दुप्पट पगार सोडून अर्ध्यावर का जायचं?" मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. चाकणला खोलीत कॉट, मेस, जाणं-येणं गेल्यावर महिन्याला उरणार किती ते त्यांनीच सांगितलं. त्यांचा पुतण्या तिथे राहतो. कागलला घरून जाता येत नाही, पण मावशीकडे राहता येतं. फरक उरतो, पण दुपटीचा नाही.

मग मी माझं मत सांगितलं. लाइनवर ती वर्षभर एकच ऑपरेशन करील. क्वालिटीत ती पहिल्या महिन्यापासून स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे त्याची तपासणी), सँड टेस्टिंग, रिजेक्शनची बैठक पाहील, आणि वर्षानं तिच्याकडे सांगायला जे असेल त्यावर तिची दुसरी नोकरी ठरेल. घरात पैशाची लगेच निकड असेल तर चाकण घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही, फक्त नेमणूकपत्र आणि पीएफ नंबर पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा. वडिलांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मला फाउंड्रीतच जायचंय, अण्णा."

एक बाब तारखांची, इथे लिहून ठेवते कारण बाकीच्यांनाही लागू आहे. पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेत पहिल्यांदा पीएफला लागणाऱ्याला महिन्याच्या पगाराइतकी, जास्तीत जास्त १५,००० रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते, सहा महिन्यांनी आणि वर्षानं. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात लागलेल्या नोकरीसाठी. अप्रेंटिसला पीएफ नसतो, म्हणून ते वर्ष यात धरलं जात नाही. तिचा अप्रेंटिसचा करार जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाला तर पुढच्या जुलैच्या सुरुवातीला वर्ष संपतं आणि मुदतीत नोकरीला लागता येतं. ऑगस्टवर गेला तर ही संधी गेली. निकाल लागेपर्यंत थांबून मग कागद गोळा करायला वेळ नाही. आधार, बँक खातं, पॅन, तिन्हीकडे नाव एकसारखं हवं, आणि नॅट्सवर नोंदणीसाठी लागणारं सगळं तयार हवं.

तिच्या आधारवर वडिलांचं नाव एका तऱ्हेनं आहे, दहावीच्या मार्कशीटवर दुसऱ्या. सोमवारी ती आणि वडील आधार केंद्रावर जाणार आहेत. उरलेल्या सगळ्यांची कागदपत्रं पुढच्या आठवड्यात विभागात तपासायची, यादी फोन करणाऱ्या दोन्ही मुलींकडे दिली आहे.